क्षयरोगाच्या गोळ्या आणि नोंद ठेवणारी डबी : नोंद पाहणार कोण?

घाटंजी तालुक्यातल्या खेड्यात एकट्याने राहणाऱ्या आपल्या वडिलांना क्षयरोगाचे उपचार सुरू झाले आहेत, आपण पुण्यास असता आणि त्यांनी रोजच्या गोळ्या घेतल्या की नाही हे कळवणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण घ्यावे काय, असे आपण विचारले आहे. ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी म्हणून अनेक वर्षे हीच औषधे देत आल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सिमकार्ड बसवलेल्या डबीत ठरलेल्या वेळी दिवा लागतो, गजर होतो आणि झाकण उघडताच ती वेळ दूरच्या सर्व्हरवर नोंदली जाते. म्हणजे तिला कळते ते झाकणाचे, पोटाचे नव्हे. वडिलांचे वजन 50 ते 64 किलोंच्या दरम्यान असेल तर त्यांना एकाच गोळीत अनेक औषधे असलेल्या अशा चार एकत्रित गोळ्या दररोज घ्याव्या लागत असतील. मळमळते म्हणून त्यांनी दोनच घेतल्या तरी डबीच्या लेखी तो दिवस पूर्णच भरतो. याउलट, कापूस वेचणीच्या दिवसांत लेकीच्या गावी जाताना त्यांनी आठवड्याच्या पट्ट्या पिशवीत टाकून नेल्या आणि एकही दिवस न चुकवता घेतल्या, तरी नोंदीत तो सगळा आठवडा कोराच दिसतो. गजराने शेजाऱ्यापाजाऱ्यांना आजार कळेल या संकोचाने डबी धान्याच्या कोठीमागे ठेवणारेही असतात, आणि तेथे रेंज मिळेलच असे नाही.

सरकारी कार्यक्रमात वापरली गेलेली 99 डॉट्स ही पद्धत स्वस्त आहे. पट्टीतून गोळी बाहेर काढली की आत दडलेला फोन क्रमांक दिसतो आणि त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा असतो. गोळी घेऊन थेट शेताची वाट धरणारा माणूस कॉल करायचे विसरतो, आणि गोळी नुसती काढून ठेवणाराही कॉल करू शकतो. गोळीतच सूक्ष्म संवेदक बसवलेले औषध अमेरिकेत 2017 मध्ये मंजूर झाले, पण ते मानसिक आजाराचे आहे आणि त्यामुळे औषध घेण्यातील नियमितपणा वाढतो हे सिद्ध झालेले नाही, असे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. आपल्या कामाचे ते नाही.

तरीही डबी निरुपयोगी आहे असे माझे मत नाही. चीनमध्ये क्षयरुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्या महिन्यांत पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक मात्रा चुकल्या त्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत सुमारे 30 टक्के होते, ते डबीमुळे सुमारे 17 टक्क्यांवर आले. नुसत्या मोबाइल संदेशांनी मात्र फारसा फरक पडला नाही. तेथे दरमहा डॉक्टर डबीची नोंद रुग्णासमोर ठेवून बोलत आणि गरज पडल्यास देखरेख वाढवत, ही बाब मला त्या आकड्यांहून महत्त्वाची वाटते. नोंद कोरी दिसल्यावर त्याच संध्याकाळी वडिलांच्या दारात जाईल असे गावात कोणी नसेल, तर पुण्यात बसून आपणांस केवळ काळजी तेवढी वाढवून मिळेल.

म्हणून आधी आशाताईंशी आणि एखाद्या जवळच्या शेजाऱ्याशी बोलून ठेवावे, डबीचा विचार नंतर करावा. घरी इंटरनेट चालत असेल तर गोळ्यांच्या वेळेस व्हिडिओ कॉल करणे मला डबीपेक्षा अधिक भरवशाचे वाटते, कारण त्यात गोळ्या मोजता येतात आणि गिळताना दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2017 च्या मार्गदर्शनात ही पद्धत मान्य केली आहे. या गोळ्यांतील रिफाम्पिसिन या औषधामुळे काही तासांत लघवी नारिंगी होते; तशी होते काय, हेही वडिलांना निःसंकोच विचारावे.

विशेष लक्ष दोन महिन्यांनंतर द्यावे. तोवर खोकला थांबतो, भूक लागू लागते, आणि पुढील चार महिन्यांच्या गोळ्या कशाला, असे अनेकांना वाटू लागते. डबी घ्यायचीच असेल तर तिचा खरा उपयोग या काळात आहे. गोळ्या चुकू लागल्याचे दिसले तर रागावण्याआधी मळमळ, उलटी किंवा डोळ्यांत पिवळेपणा आहे काय ते विचारावे, आणि पिवळेपणा असल्यास पुढची मात्रा घेण्याआधी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. परगावी जाताना किती दिवसांच्या पट्ट्या सोबत नेल्या ते आशाताईंना सांगून जाण्याची सवय वडिलांना लावावी, म्हणजे त्या कोऱ्या दिवसांचा अर्थ त्यांना लावता येईल.