खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर नाव लागले. तरी जमीन गेली असे नाही

गेवराई तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. मुलीच्या लग्नासाठी त्यांच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, मे 2021 मध्ये गावातल्याच एकाकडून शेकडा 3 रुपये महिन्याने 4 लाख घेतले आणि तारण म्हणून पाटाखालच्या दीड एकराचे खरेदीखत करून दिले. पैसे फिटले की जमीन पलटून द्यायची, असे तोंडी ठरले. सातबाऱ्यावर सावकाराचे नाव लागले, पण रान आजही ताईच कसतात. ऑगस्ट 2024 मध्ये मालक वारले आणि व्याज थांबले. आता तो म्हणतो, “पेरणीच्या आत रान मोकळं करा. 50 हजार देतो, कब्जेपावतीवर सही करा.” दीर म्हणतात, नाव लागले तिथेच सगळे संपले. ताई विचारतात, खरंच संपले का?

ताई, संपलेले नाही. पण त्या कब्जेपावतीवर सही केलीत तर तुमची बाजू फार लंगडी होईल. म्हणून सही करू नका आणि मुलांनाही करू देऊ नका. 50 हजार घेऊ नका, हातउसने म्हणूनसुद्धा नको.

तुम्ही पाठवलेला दस्त मी वाचला. त्यात लिहिले आहे, “विहीर, झाडे, बांध यांसह कायम खरेदी देऊन प्रत्यक्ष कब्जा आजच दिला आहे.” कब्जा 2021 मध्येच दिला असेल, तर आज त्याला कब्जेपावती कशाला हवी? ती मागून त्याने स्वतःच कबूल केले आहे की रान कधी त्याच्या ताब्यात गेलेच नाही. त्याने तो मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला आहे, असे तुम्ही लिहिता. तो पुसू नका.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 याचे कलम 18 नेमके तुमच्यासारख्यांसाठी आहे. सावकारीच्या व्यवहारात कर्जाला तारण म्हणून जमीन घेतली असेल, मग कागदावर ती खरेदी असो, गहाण असो की अदलाबदल, तर जिल्हा निबंधक त्याची चौकशी करू शकतात. अर्जाच्या तारखेपासून मागे 15 वर्षांतले व्यवहार या चौकशीत येतात, तुमचा 2021 चा आहे. तारणच होते अशी खात्री पटली तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन कर्जदाराला किंवा त्याच्या वारसांना परत देण्याचा हुकूम करता येतो. वारस म्हणजे तुम्ही आणि तुमची मुले. या कायद्यातले जिल्हा निबंधक म्हणजे सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक, अर्ज त्यांच्याकडे करायचा, बीडला. सोबत मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि दस्ताची नक्कल जोडा. निकाल विरुद्ध गेला तर विभागीय निबंधकांकडे अपील करायला एकच महिना मिळतो.

दीर म्हणतात त्यात निम्मे खरे आहे. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावर नुसते नाव बदलल्याने, मालकी येत नाही, ती सारावसुलीसाठीची नोंद आहे. पण तुमच्या प्रकरणात फेरफारामागे नोंदणी झालेला दस्त आहे, म्हणून नुसत्या फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करून जमीन परत येणार नाही. मूळ दस्तालाच हात घालावा लागेल.

त्याचा वकील काय म्हणेल तेही सांगतो. म्हणेल, जमीन परत देण्याची अट खरेदीखतात कुठे आहे? संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 प्रमाणे गहाणाची अट त्याच दस्तात असावी लागते, हे बरोबर आहे. त्यामुळे दिवाणी कोर्टात ‘हे गहाण आहे’ म्हणणे अवघड जाते. मात्र दस्त दिखाऊ होता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे तोंडी पुराव्याने दाखवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने गंगाबाई विरुद्ध छबुबाई या निकालात सांगितले आहे. दिवाणी दाव्याची दुसरी अडचण मुदतीची. दस्त रद्द करून मागायला 3 वर्षे असतात, ती कधीपासून मोजायची यावरच निम्मी भांडणे होतात. म्हणून कलम 18 चा रस्ता आधी धरा.

या रस्त्यावरही एक मोठा अडसर आहे, आणि बहुतेक अर्ज तिथेच पडतात. समोरचा माणूस सावकारीचा धंदा करतो, हे दिसले पाहिजे. एखाद्याने एकदाच अडीनडीला पैसे दिले तर कायदा त्याला सावकार म्हणत नाही. तेव्हा दोन गोष्टी करा. सहायक निबंधकांकडे परवानाधारक सावकारांची यादी असते, तिच्यात त्याचे नाव आहे का ते लेखी विचारा. दुसरे, दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांचा गोषवारा, काढा आणि गावातल्या किती गटांची खरेदी त्याच्या, बायकोच्या, पोराच्या नावावर झाली ते बघा. चार-पाच खरेद्या निघाल्या आणि मूळ मालक अजून तीच रानं कसत असतील, तर त्यांच्या घरी जा. एकटीचा अर्ज आणि पाच जणांचे अर्ज यांत फार फरक पडतो. लोक लाजतात ताई, दार लावून घेतात. तरी जा.

आता व्याजाचा हिशेब. 4 लाखांवर शेकडा 3 म्हणजे महिन्याला 12 हजार, वर्षाला 1 लाख 44 हजार. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याच्या तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्केच घेता येतात, म्हणजे 36 हजार. तुमच्या मालकांनी जून 2021 ते जुलै 2024 असे 38 हप्ते भरले, 4 लाख 56 हजार. मुद्दलाहून जास्त व्याज परवानाधारकालाही वसूल करता येत नाही. विना परवाना सावकारीला तर 5 वर्षांपर्यंत कैद आहे. आणि जमीन खरोखर विकलेली असती, तर विकणाऱ्याने घेणाऱ्याला दर महिन्याच्या 5 तारखेला 12 हजार कशाला पाठवले असते? या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नाही. चौकशीत हाच प्रश्न पुढे ठेवा.

पैसे घेतलेच नाहीत असे मात्र सांगू नका. 4 लाख घेतले ते घेतले. खरे तेवढेच लिहा, उलटतपासणीत तेच टिकते.

ताब्याचे कागद गोळा करा. मालकांच्या नावचे मोटारीचे वीजबिल, कारखान्यातली ऊसनोंद आणि वजनपावत्या, बांधशेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे. गाव नमुना 12 काढून पीक पाहणी कोणी भरली तेही बघा. तो ट्रॅक्टर घेऊन आला तर हाणामारी नको, 112 ला फोन लावा, चित्रीकरण करा, ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तरीही जबरीने हुसकावले, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 प्रमाणे 6 महिन्यांच्या आत दावा लावता येतो. त्यात मालक कोण हे बघत नाहीत, ताबा कोणाचा होता एवढेच बघतात.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही लिहिली आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गेवराईच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्या, नाहीतर 15100 वर फोन करा.

शेवटचे, पण ते आजच करा. 38 पैकी 22 हप्ते मालकांच्या मोबाइलवरून फोनपेने गेले, बाकीचे रोख, डायरीत लिहिलेले. डायरी मूळची जपा, तिच्यात आता एक अक्षरही वाढवू नका. बँकेतून वारस म्हणून खात्याचा उतारा मागा, शिक्क्यासह. आणि मालकांचे सिम रिचार्ज नसल्यामुळे बंद पडेल, तो नंबर चालू ठेवा. सावकाराचे “व्याज आलं नाही” असे मेसेज त्याच नंबरवर आहेत.