उद्याच्या स्कोपीआधी, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघण्याआधी, वाच

काल फोनवर तू वैतागलेलीस ना, की पेशंटचा छातीचा एक्सरे क्लीन आहे, खोकला नाही, मग टीबी म्हणू तरी कसा. अगं पोटाच्या टीबीत कितीतरी जणांची छाती साफच असते, त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणून टीबी बाद करायचा नाही.

आधी पेशंटजवळ नीट बस. पोट दुखतं का हे विचारून काही हाती लागत नाही, सगळ्यांचंच दुखतं. विचार की जेवल्यावर दुखतं का, पोटात गोळा फिरतो का, मग गुडगुड होऊन वारा सरकला की एकदम मोकळं वाटतं का. हो म्हणाला तर आतडं कुठेतरी अरुंद झालंय अशी शंका घे. वजन कोणी मोजलेलं नसतं पण पट्टा किती भोकं आत गेला ते सगळ्यांना माहीत असतं. संध्याकाळी कणकण येते का तेही विचार. आणि हात उजवीकडे खाली ठेव, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, टीबीची सगळ्यात आवडती जागा तीच, अन्न तिथे रेंगाळतं आणि लिम्फॉइड टिश्यूही, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या गाठीही, भरपूर.

आता खरी डोकेदुखी म्हणजे क्रोन्स, आतड्याला सूज आणि अल्सर आणणारा, टीबीसारखाच दिसणारा पण जंतूंचा नसलेला आजार. टीबीचे अल्सर बहुधा आडवे, क्रोन्सचे उभे, हे तुला पाठ असेलच, पण कित्येकदा स्कोपीत बघून सांगता येत नाही गं. आणि इथे घाई महागात पडते, क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर आग पसरते. म्हणून तपासणीसाठी (बायोप्सीचे) तुकडे भरपूर घे, अल्सरच्या कडेचेही आणि तळाचेही. मी शिकत असताना सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले होते, त्यात जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून बघणं) करणार कशावर, त्या माणसाला परत स्कोपीसाठी दुसऱ्यांदा जुलाबाचं औषध प्यायला लावलं आणि त्याने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. बरं, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं होत नाही, आतड्याच्या तुकड्यात जंतू फार कमी असतात. कल्चरला 6 ते 8 आठवडे लागू शकतात.

एवढं करूनही पुरावा नाही मिळाला आणि शंका दाट असेल तर सिनियरशी बोलून एकेटी (टीबीची औषधं) चालू करतात, पण मग 2-3 महिन्यांनी परत आत बघायचंच. नुसतं "बरं वाटतंय" यावर जाऊ नकोस, क्रोन्सवाल्यांनाही या गोळ्यांवर काही दिवस बरं वाटू शकतं. अल्सर भरले का ते महत्त्वाचं.

कोर्स साधारण 6 महिन्यांचा, पहिले 2 महिने चार औषधं. लघवी केशरी होणार हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर घाबरून गोळ्या बंद करतात. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होतेय, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी यायला सांग. आणि एक, औषध लागू पडत असतानाच जखम आकसून आतडं अजून आवळू शकतं, मग तिसऱ्या महिन्यात पोट फुगून उलट्या झाल्या तर लगेच औषध फेल म्हणू नकोस, सीटी कर आणि सर्जनला दाखव.

उद्या बाटल्या दोन ने, एकीत फॉर्मलिन, एकीत सलाइन. आणि लेबल आधीच लावून ठेव, तिथे गडबडीत राहतं.