मोठ्या पदावरच्या माणसांसोबत काम करताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. प्लांट हेड, जनरल मॅनेजर, सीएफओ (कंपनीचा वित्तप्रमुख) अशा माणसांना पुढची दिशा ठरवायला मदत करण्याचं काम तू धरलंस, याचा मला मनापासून आनंद आहे. आता स्वतः वाढायला कोणता कोर्स करू, असं विचारलंस. कोर्सचं पुढे सांगते. आधी एक गोष्ट, जी कोर्समध्ये क्वचितच नीट शिकवतात: समोरच्या माणसाने आजवर घेतलेले निर्णय त्याच्याच तोंडून वदवून घेणं. या कामात तू किती पुढे जाशील, ते यावरच ठरेल.

वरिष्ठांचा सीव्ही बहुतेक वेळा जबाबदाऱ्यांची यादी असतो. हाताखाली इतकी माणसं, इतक्या कोटींचं बजेट, अमुक विभाग ताब्यात. हे सगळं खुर्चीचं वर्णन झालं. त्या खुर्चीवर दुसरा कोणी असता तरी त्याने तेच लिहिलं असतं. संचालक मंडळाला जाणून घ्यायचं असतं ते हे की दोन्ही पर्याय वाईट असताना या माणसाने काय केलं.

चंद्रपूरच्या सिमेंट पट्ट्यातले एक प्लांट हेड माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. चार पानांचा सीव्ही, आणि लक्षात राहील असं एकही वाक्य नाही. मी विचारलं, "साहेब, तुमच्या जागी दुसरा असता तर घेतला नसता, असा एखादा निर्णय सांगा." ते बराच वेळ गप्प बसले. मीही गप्प बसले. ती शांतता आपण तोडायची नसते. आपण बोललो की समोरच्याची सुटका होते आणि उत्तर राहून जातं.

मग ते सांगू लागले. मे महिना होता. पावसाळ्याआधी बांधकामं उरकायची घाई, सिमेंटला जोरात मागणी. आणि भट्टीच्या कवचावर एका ठिकाणी तापमान चढत चाललेलं, म्हणजे आतलं विटांचं अस्तर झिजलेलं. क्लिंकर, म्हणजे दळून ज्याचं सिमेंट होतं ते खडे, 1450 अंशांच्या आसपास तयार होतं. अस्तर गेल्यावर पत्रा किती टिकणार? विक्रीवाल्यांचं म्हणणं, जूनपर्यंत ओढा. यांनी भट्टी थांबवली. मुख्यालयाचे फोन झेलले, डीलरांची बोलणी खाल्ली. शेवटी म्हणाले, "खाली काम करणारी पोरं आपल्याच गावातली आहेत ना मॅडम." सीव्हीत यातलं काहीच नव्हतं! आम्ही ते मोजक्या ओळींत लिहिलं: काय अडचण होती, कोणाचा दबाव होता, त्यांनी काय ठरवलं आणि त्याची किंमत काय मोजली. पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला.

पण असं उत्तर कानावर पडून उपयोग नाही, त्याचं वजन कळायला हवं. त्यासाठी धंदा समजला पाहिजे. आणि इथे तू गावात राहतेस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये, जिथे कापसातून सरकी वेगळी करतात, जाऊन उभी राहा, रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) कशाने घसरतो ते विचार. वणी-उमरेडकडच्या खाणीतल्या माणसाला विचार की कोळशावरची माती-दगड काढायचा खर्च कुठवर परवडतो. मुंबईच्या काचेच्या ऑफिसात बसलेल्या सल्लागाराला हे बघायला विमानाने यावं लागतं. तुला एसटीने जाता येतं.

दुसरं वाचन कागदांचं, आणि ते मोबाईलवर फुकट होतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळांवर असतात. तुझा क्लायंट ज्या कंपनीत जाऊ बघतोय तिचे गेल्या पाच वर्षांचे अहवाल काढ. अध्यक्षांचं गोड निवेदन सोडून दे. नामांकन आणि मोबदला समितीवर कोण आहे, वरच्या फळीतले कोण कधी गेले, पगार कशाशी जोडलेत, ते बघ. ही समिती 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 178 मधून आलेली आहे, आणि वरच्या नेमणुकांची शिफारस तिथून होते. सीईओ किंवा सीएफओची जागा रिकामी झाली तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या) नियमाने लिस्टेड कंपनीला ती साधारणपणे 3 महिन्यांत भरावी लागते. 2023 पासून वरिष्ठ व्यवस्थापनातल्या माणसाचं राजीनामापत्रही कारणांसह शेअर बाजाराला द्यावं लागतं. एकाच जागेवरून लागोपाठ दोघं "वैयक्तिक कारणाने" गेले असतील, तर तिसऱ्याला पाठवण्याआधी तू चार ठिकाणी चौकशी करायलाच हवी.

निवृत्तीला आलेले बरेच जण म्हणतील, "आता स्वतंत्र संचालक व्हायचंय." म्हणजे संचालक मंडळावरचा, पण कंपनीच्या नोकरीत किंवा मालकीत नसलेला सदस्य. त्यांना खरं सांग. मानेसरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या डेटाबँकेत नाव नोंदवावं लागतं. ऑनलाइन परीक्षेत 50 टक्के मिळवावे लागतात. अनुभव बघून काहींना सूट मिळते. सलग दोनच मुदती, प्रत्येकी जास्तीत जास्त 5 वर्षांची. स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क, मिळत नाहीत. आणि काही बिघडलं तर नोटीस घरी येऊ शकते. मानाचं पद आहे, पण निवृत्तीचा विरंगुळा म्हणून कोणी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कराराच्या बाबतीत वकिलाकडे कधी पाठवायचं एवढं कळलं तरी पुरे. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही ही अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते.

आता घराचं. कारखान्याच्या कॉलनीत राहणाऱ्या माणसाची नोकरी गेली की घर, गाडी, दवाखाना, पोरांची शाळा सगळंच सुटतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विचार, "घरी काय बोलणं झालंय?" पुष्कळदा कळतं की घरी अजून सांगितलेलंच नाही. कोणी म्हणेल, आता नोकरी नको, गावी वावर आहे, तिकडे जातो. त्याला परत मुलाखतींकडे ओढू नकोस. पैशाचा हिशेब नीट करून दे आणि त्याचा निर्णय हाच निर्णय मान.

आपल्याकडे वर्ध्यापासून वणीपर्यंत कोण कोणाचा सोयरा निघेल सांगता येत नाही. क्लायंटचं नाव घरातसुद्धा घ्यायचं नाही. त्याच्या कंपनीच्या ईमेलवर एक ओळही पाठवायची नाही, त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सीव्ही उघडायचा नाही, नागपुरात भेटायचं तर जिथे त्याचे सहकारी जेवायला येतात ते हॉटेल टाळायचं. आणि पैशाचं: सर्च फर्मला, म्हणजे कंपनीसाठी वरची माणसं शोधून देणाऱ्या संस्थेला, पैसे कंपनी देते, आपल्याला तो माणूस देतो. कोणी म्हणालं, तुमचा उमेदवार आमच्याकडे पाठवा, थोडं कमिशन देतो, तर त्याच क्षणी नाही म्हण. दोन्हीकडून पैसे घेतलेस की तुझ्या सल्ल्यावर तो माणूस विश्वास ठेवू शकणार नाही, आणि आपल्याकडे विकायला दुसरं काहीच नाही.

आता कोर्स. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या कोचिंग प्रमाणपत्राच्या चढत्या पायऱ्या तुला माहीत असतील: एसीसी, पीसीसी, एमसीसी. त्यांना अनुक्रमे 100, 500 आणि 2500 तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. पहिली पायरी जरूर कर, ऐकायची शिस्त लागते. पण कोच स्वतःचं मत देत नाही, आणि तुला ते द्यावंच लागेल. पंचावन्न वर्षांचा माणूस तुला विचारणार, "जाऊ की नको?" तेव्हा प्रश्नाला प्रश्न करून भागणार नाही. तुझ्या वयामुळे कचरू नकोस. कागद वाचलेले असतील तर मोठी माणसंही शांतपणे ऐकून घेतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

तुझ्यासारखंच काम करणारी दोघं-तिघं शोध आणि महिन्यातून एकदा, नावं काढून, अडलेल्या केसेसवर बोला. एकटीने काम केलं की आपल्याच आवडीनिवडी क्लायंटवर लादल्या जातात आणि ते लक्षातही येत नाही.

संक्रांतीपर्यंत तीन कंपन्या निवड: एक खाणीची, एक कारखान्याची, एक बँक. त्यांचे अहवाल वाचून प्रत्येकीवर दोन पानं लिहून पाठव: इथे वरची माणसं कशी निवडली जातात आणि का जातात. हाताने लिहिलंस तरी चालेल. तू पाठवलंस की मी समासात माझे प्रश्न लिहून परत करीन.

आईला नमस्कार सांग.

तुझी
मावशी