बँकेने मूळ करारनामा हरवला असेल तर फ्लॅटची विक्री कशी पुढे न्यावी

नमस्कार. आपला प्रश्न वाचला. कोथरूडमधील वडिलांच्या नावावरील फ्लॅटचा व्यवहार ठरला आहे, विसार घेतला आहे, गृहकर्ज गेल्या वर्षीच पूर्ण फिटले आहे आणि आता बँक म्हणते की मूळ करारनाम्याची फाइल सापडत नाही. खरेदीदाराची बँक मूळ दस्त पाहिल्याशिवाय कर्जाची रक्कम द्यायला तयार नाही आणि विसारपावतीची मुदत संपत आली आहे. काही वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावरचा आमचा फ्लॅट विकताना आम्ही याच कात्रीत सापडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. पुढे लिहिलेले अनुभवावर आधारित आहे, त्यामुळे अंतिम निर्णय आपल्या वकिलांना विचारूनच घ्यावा. मुद्रांक शुल्क, टीडीएस, सोसायटीची थकबाकी हे सर्व आपण पाहिलेच असेल असे धरून चालतो.

खरेदीदाराची बँक अडून बसली आहे म्हणून तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे बहुतेक गृहकर्जे मालकीची मूळ कागदपत्रे बँकेत जमा करून दिली जातात आणि मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५८ (फ) प्रमाणे कागद जमा करणे हेच गहाण ठरते. म्हणजे ज्याच्या हाती मूळ करारनामा आहे, त्याच्याकडे ती मालमत्ता गहाण असू शकते. आपण केवळ प्रमाणित प्रत पुढे केली की त्या बँकेच्या वकिलाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की मूळ प्रत दुसऱ्या कोणाकडे ठेवून कर्ज उचलले तर नाही ना. पुढची सर्व धडपड या एका शंकेचे समाधान करण्यासाठी आहे, हे लक्षात ठेवले तर कोणता कागद कशासाठी लागतो हे आपोआप उलगडते.

आमच्या बाबतीत सर्वात मोठे नुकसान केले ते कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेने. नाव लिहीत नाही. आमची शाखा मधल्या काळात दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती आणि जुन्या फाइली बाहेरगावच्या गोदामात गेल्या होत्या. शाखेत गेलो की ‘गोदामाला मेल केला आहे’ हे उत्तर मिळे; गोदामाचा पत्ता, मेलची प्रत किंवा जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कधीच मिळाले नाही. आठवड्यांवर आठवडे गेल्यावर एका अधिकाऱ्याने समजुतीच्या स्वरात सुचवले की, ‘तुम्हीच पोलिसांत तक्रार द्या, रिक्षात पिशवी विसरली म्हणून लिहा, म्हणजे आम्हाला पुढची मदत करता येईल.’ त्यांनी मजकूरही टंकून तयार ठेवला होता. खाली सहीची जागा माझ्या वडिलांची होती.

आपल्यालाही कोणी असे सुचवले तर कृपया त्या कागदावर सही करू नका. जो दस्त आपल्या ताब्यात नव्हता तो आपल्याकडून हरवला असे पोलिसांना लिहून देणे म्हणजे खोटी माहिती देणे आहे. शिवाय त्या एका सहीने बँकेची सगळी जबाबदारी आपल्या डोक्यावर येते. नोटिशीचा खर्च आपला, भरपाईचा हक्क संपला, आणि उद्या तो मूळ दस्त भलत्याच ठिकाणी सापडला तर उत्तर द्यायलाही आपणच उभे. दस्त बँकेच्या ताब्यातून गहाळ झाला असेल तर तक्रार बँकेने द्यावी, वृत्तपत्रातील जाहीर नोटीस बँकेने द्यावी आणि दस्त बँकेकडून गहाळ झाल्याचे पत्रही (गहाळपत्र) बँकेनेच तिच्या लेटरहेडवर द्यावे. खरेदीदाराच्या बँकेची शंका सर्वाधिक दूर करतो तो हाच कागद. आम्ही नकार दिला तेव्हा वेळ आणखी गेला आणि आमचा खरेदीदार शेवटी दुसरा फ्लॅट घेऊन मोकळा झाला. त्या कुटुंबाला दोष देता येत नाही, कारण त्यांच्या भाड्याच्या घराची मुदत संपत होती. विसार परत केला आणि पुढचा खरेदीदार कमी किमतीत पत्करावा लागला. तरीही त्या कागदावर सही केली नाही हे योग्यच झाले, असे माझे आजही मत आहे.

आपली परिस्थिती आमच्यापेक्षा एका गोष्टीत बरी आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेले निर्देश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत सर्व मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा, म्हणजे मालमत्तेवरील कर्जाची नोंद, काढून टाकणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि विलंब बँकेमुळे झाला तर कर्जदाराला दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागद हरवले किंवा खराब झाले असतील तर दुसऱ्या किंवा प्रमाणित प्रती मिळवण्यास बँकेने मदत करायची, त्याचा खर्च सोसायचा आणि वर भरपाईही द्यायची. फक्त अशा वेळी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे भरपाई ६० दिवसांनंतर मोजली जाते. वडिलांचे कर्ज गेल्या वर्षी फिटले असल्यामुळे हे निर्देश आपल्याला लागू व्हायला हवेत. शाखेतील माणसे हे स्वतःहून सांगत नाहीत. आपण अर्जात तारखेसह लिहिले की उत्तराचा सूर बदलतो.

अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका. फोनवरील आश्वासनाची किंमत शून्य आहे. अर्जासोबत कर्ज घेताना मिळालेली जमा कागदपत्रांची यादी जोडा. बँकेत तिला एलओडी म्हणतात. मंजुरीपत्राच्या जुन्या फाइलमध्ये ती नक्की शोधा, कारण त्यात ‘मूळ करारनामा, नोंदणी फीची पावती, इंडेक्स दोन’ असे एकेक कागद नोंदवलेले असतात (इंडेक्स दोन म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा नोंदणी कार्यालयाचा उतारा). मूळ दस्त बँकेकडेच होता याचा तोच पुरावा आहे. यादी सापडली नाही तर बँकेकडे तिच्या कार्यालयीन प्रतीची लेखी मागणी करा.

बँकेच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. प्रमाणित प्रतीचे काम त्याच दिवशी सुरू करा. आपल्याकडे करारनाम्याची झेरॉक्स असेलच. तिच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘हवल’ आणि एक आकडा, त्याखाली दस्त क्रमांक, पान क्रमांक आणि वर्ष असा छोटा चौकोनी शिक्का दिसेल. तो आकडा म्हणजे हवेली दुय्यम निबंधक कार्यालयाचा क्रमांक. नोंदणी ज्या कार्यालयात झाली तिथेच अर्ज करावा, नाहीतर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात उगाच फेऱ्या होतात. झेरॉक्सवरचा शिक्का पुसट असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमधून इंडेक्स दोन काढता येतो. पुण्यासाठी तिथे साधारण २००२ नंतरच्या नोंदी मिळतात. प्रत हातात आल्यावर पाने मोजा आणि शेवटचे नकाशे व पावत्या त्यात आहेत का ते तिथेच पाहा. जुन्या मूळ मालकाकडून आपल्या वडिलांनी पुनर्विक्रीत घेतलेला फ्लॅट असेल तर त्याआधीच्या करारनाम्याचीही प्रमाणित प्रत याच वेळी घ्या, कारण बहुधा तोही त्याच फाइलसोबत गेला असेल.

यासोबत सरसाई या केंद्रीय गहाण-नोंदणीवर आपल्या फ्लॅटचा शोध घ्या. थोडे शुल्क भरून तो कोणालाही घेता येतो. आपल्या जुन्या बँकेचा बोजा तिथे अजूनही उभा दिसण्याची शक्यता बरीच आहे. कर्ज फिटल्याची नोंद करायला बँका विसरतात आणि खरेदीदाराचा वकील नेमका तोच शोध घेतो. कर्ज २०१३ नंतरचे असेल तर दुय्यम निबंधकांकडील शोधात ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे कागद जमा करून गहाण ठेवल्याची सूचना, हीदेखील दिसेल. तिच्यासमोर ठेवायला नादेय प्रमाणपत्र, म्हणजे कर्जाची काही बाकी नसल्याचे बँकेचे पत्र, लागते आणि त्यावर कर्ज खाते क्रमांक व फ्लॅटचा पूर्ण पत्ता असावा. नुसते ‘खाते बंद’ असे छापलेले पत्र घेऊन येऊ नका.

आता विसाराबद्दल. खरेदीदाराला सर्व खरे सांगा आणि मुदतवाढ तोंडी न ठेवता दोघांच्या सह्यांनी लेखी करा; त्यात कारण स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या विलंबाचा ठपका आपल्यावर येणार नाही. खरेदीदाराला सोबत घेऊन त्याच्या बँकेकडून मूळ दस्ताऐवजी नेमके काय चालेल हे लेखी मागा. सहसा प्रमाणित प्रत, बँकेचे गहाळपत्र, पोलिसांतील नोंद, एक मराठी आणि एक इंग्रजी वृत्तपत्रातील जाहीर नोटीस, हरकत न आल्याचे वकिलाचे पत्र आणि विक्रेत्याचे हमीपत्र इतके मागितले जाते. प्रत्येक बँकेच्या वकिलाची यादी थोडी वेगळी असते, म्हणून आधी खर्च करून मग विचारणे टाळावे. एखादी बँक काही केल्या ऐकतच नसेल तर खरेदीदाराने दुसऱ्या बँकेत अर्ज करणे अनेकदा जलद पडते. माझे ठाम मत असे आहे की मूळ कागद स्वतःच्या हाती पाहिल्याशिवाय कोणत्याही विक्रेत्याने विसार घेऊच नये, मग एजंट कितीही घाई करो. आपल्या बाबतीत ती वेळ गेली असली तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो.

आपण विक्रीच्या आधीच दुसरे घर घेतले असेल तर एक तारीख जपा. भांडवली नफ्यावरील सवलतीसाठी नवे घर जुन्याच्या विक्रीपूर्वी एक वर्षाच्या आत घेतलेले असावे लागते. बँकेच्या दिरंगाईत ते वर्ष उलटले तर कराचा बोजा आपल्यावर येईल, तेव्हा सीए ला आजच विचारा.

बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. त्यासाठी शिक्का मारलेली प्रत, कागदपत्रांची यादी आणि कर्ज फिटल्याचा पुरावा पुरतो. शेवटी बँक गहाळपत्र व प्रती देण्यास तयार झाली की एक छापील पोचपावती पुढे करील. तिच्यात ‘माझी बँकेविरुद्ध कोणतीही तक्रार किंवा मागणी शिल्लक नाही’ असे वाक्य असेल, तर ते खोडून, शेजारी सही करून, ‘भरपाईचा हक्क राखून कागदपत्रे स्वीकारली’ असे हाताने लिहा आणि त्या पावतीचीही प्रत घ्या.