पुटकुळ्यांसाठी मासे-नारळ सोडण्याआधी

तुम्ही लिहिलंय की हनुवटीवर पुटकुळ्या येतात, मान काळवंडलीय, दिवसभर मरगळ असते. घरचे म्हणतात मासे उष्ण, नारळही नको. म्हणून दोन्ही बंद करून सकाळी फळांचा रस सुरू केलात. मासे-नारळ ताटात परत येऊ द्या आणि रस थांबवा.

पुटकुळ्यांचा आहाराशी जो संबंध बऱ्यापैकी दिसून आलाय, तो रक्तातली साखर झपाट्याने चढवणाऱ्या खाण्याशी. साखर चढली की इन्सुलिन चढतं, तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात. चार कप चहा, कपात दोन चमचे, म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहणं चांगलं मानते, आणि गाळलेल्या रसातली साखरही त्यातच मोजते. पेरू चावून खा. कोकम हवं तर साखरेचं सरबत नको. आगळाची, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या अर्काची, सोलकढी घ्या.

पहिले दोन आठवडे एवढंच करा: चहा दोन कप, कपात अर्धा चमचा साखर, सोबतचा पाव-खारी-बटर बंद. न्याहारीला आंबोळी आणि वाटीभर काळ्या वाटाण्याची उसळ. नुसते घावणे खाल्ले तर दोन तासांत भूक लागते आणि हात पुन्हा बिस्किटांकडे जातो.

मग भाताकडे वळा. ताटभर भात आणि कडेला चमचाभर भाजी, इथेच गाडी अडते. उकड्या तांदळाचा भात एक ते दीड वाटी, कुळथाची पिठी एक वाटी, पालेभाजी एक वाटी आणि एक मध्यम बांगडा. रात्री नाचणीची भाकरी. पाणी खळखळ उकळल्यावरच पीठ घालून उकड काढा, नाहीतर भाकरी थापताना चिरते. नाचणीचं सत्त्व मात्र रोज नको. चोथा गाळलेला आणि वर गूळ, म्हणजे पुन्हा साखरच. जेवणावर लगेच चहा घेतला तर पालेभाजीतलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर थांबा.

बांगडा, तारली, पेडवे यांत ओमेगा-३ भरपूर असतं. आठवड्यातून दोन-तीनदा तिरफळ घालून तिखलं करा, रवा लावून तळणं एखाद्या वेळी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा अंडी, कुळीथ, टाकळा आहेच. सुकट खारवलेली असेल तर आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाका.

‘मासे उष्ण पडतात’ यामागे बरेचदा वेगळंच कारण असतं. बांगडा, तारली, कुपा बर्फाविना टोपलीत पडून राहिले की त्यांत हिस्टामीन, म्हणजे अॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, तयार होतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. हे शिजवून वा तळून जात नाही, आणि मसाल्यात चवही लपते. म्हणून बर्फातलाच, लाल कल्ल्यांचा, घट्ट मासा घ्या आणि घरी येताच साफ करून फ्रीजमध्ये ठेवा. पण घसा आवळला, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना.

नारळाचा त्रास बहुधा खाऊन होत नाही, लावून होतो. चेहऱ्यावर खोबरेल लावू नका, आणि डोक्याचं तेल कपाळावर ओघळू देऊ नका.

दूध किंवा व्हे प्रोटीनने (दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर) काहींच्या पुटकुळ्या वाढतात. शंका असेल तर आठ आठवडे बंद करून पाहा. कॅल्शियमसाठी नाचणी आहे, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम.

आज दिसणारी पुटकुळी कित्येक आठवड्यांपूर्वी आत बुजायला लागलेली असते, तेव्हा १२ आठवडे द्या. दर पंधरवड्याला त्याच उजेडात फोटो काढा. आठव्या दिवशी आरशात बघून सोडून देणारेच जास्त. उपासमारही करू नका, दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात.

मान काळी आणि जाडसर झाली असेल तर ते इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. दुखऱ्या गाठी येऊन खड्डे पडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. तिथे आहारावर विसंबून १२ आठवडे थांबायचं नाही.