जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला एवढा भाव का आलाय, आणि घ्यावी का?

साधं हाय भावा, पद्मिनी बंद होऊन वीसच्या वर वर्षं झाली, अँबेसेडर 2014 ला गेली, बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या मग राहिलेल्याला भाव येणारच. इंजिनचं टेन्शन नको घेऊ, बुश (आतली छोटी धातूची नळी) नाही मिळाला तर कोल्हापुरात उद्यमनगरच्या वर्कशॉपात लेथवर काढून देतात, पण मॅटिंग उचलून खालचा पत्रा बघ, बोटानं दाबल्यावर भुगा पडला की सरळ घरला ये. आरसी (गाडीचं रजिस्ट्रेशन) पण बघ, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रिन्यू लागते. बाकी नाद म्हणशील तर दसऱ्याला कोल्हापूरच्या महाराजांची जुनी मेबॅक गाडी निघाली की दसरा चौकात नव्या एसयूव्हीकडं कोण बघतंय? माझ्या पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर बघायला पंपावरची पोरं पेट्रोल सोडायचं विसरतात.