वाचकांचे प्रश्न : खाण खाली, विहीर वर

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो, वडिलोपार्जित शेती चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि तिच्या शेजारी भूमिगत कोळसा खाण चालू आहे. अलीकडे आमची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. खाणीकडील मंडळी कमी पावसाकडे बोट दाखवतात. खरे कारण शास्त्रीय पद्धतीने ठरवता येते का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ठरवता येते, मात्र केवळ आजची पातळी मोजून नव्हे. पुण्यातील विहिरींचा अनुभवही येथे फारसा उपयोगी पडणार नाही, कारण पुण्याखाली बेसाल्ट आहे आणि त्यात पाणी झिजलेल्या थरांत व भेगांत साठते. वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवाना खडकांतील बराकर थरांत सापडतो आणि त्यावर अनेक ठिकाणी कामठी वालुकाश्म असतो. हा वालुकाश्म सच्छिद्र असून पाणी चांगले धरतो. म्हणजे त्या परिसराचा उत्तम जलधर (पाणी साठवून विहिरींना देणारा खडक) खाणीच्या डोक्यावरच असतो.

खाण कोरडी ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते आणि त्यामुळे कोळशाच्या थराभोवतीच्या पाण्याचा दाब उतरतो. तेवढ्याने उथळ विहीर आटेलच असे नाही. मधले शेलचे, म्हणजे पाणी सहज झिरपू न देणाऱ्या चिकणमातीच्या खडकाचे, थर शाबूत असतील, तर वरच्या पाण्याला फारसा धक्का लागत नाही. अधिक धोका डीपिलरिंगच्या, म्हणजे आधाराचे खांब काढण्याच्या, वेळी असतो. बोर्ड अँड पिलर पद्धतीत छत तोलून धरण्यासाठी कोळशाचे खांब राखलेले असतात. शेवटी तेही काढले की छत कोसळते, वरचे खडक तडकतात, जमीन खचते आणि वरच्या पाण्याला खाली उतरण्याची वाट मिळते. पोकळीत वाळू भरली, तर हे खचणे बरेच कमी होते. म्हणून तुमच्या विहिरीजवळचे खांब कधी काढले आणि पोकळी भरली की नाही, हे आधी विचारा. पातळीची घसरण त्या सुमारास सुरू होऊन पुढे चांगल्या पावसाच्या वर्षीही भरून निघाली नसेल, तर खाणीवरचा संशय बळावतो.

पावसाचा वाटा वेगळा काढायचा, तर त्याच खडकातली, पण खाणीच्या प्रभावाबाहेरची विहीर तुलनेसाठी हवी. दोन्ही विहिरी एकाच प्रमाणात खाली गेल्या असतील, तर खाणीकडील मंडळींचे म्हणणे खरे मानावे लागेल. शेजारी रब्बीसाठी नव्या बोअरवेल झाल्या आहेत का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. अशी तुलना न करता एकट्या विहिरीवरून काढलेला निष्कर्ष, मग तो कोणाच्याही बाजूचा असो, मी ग्राह्य धरणार नाही.

नोंदी कोठून मिळतील? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. ही यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. शिवाय 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार, मंजुरीच्या अटींच्या पालनाचा अहवाल प्रकल्पाला दर सहा महिन्यांनी, 1 जून व 1 डिसेंबरला, सादर करावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. त्यात उपशाचे आकडे आणि निरीक्षण विहिरींच्या पातळ्या शोधा. खाण सुरू होण्यापूर्वीच्या पातळ्या हाती आल्या, तर अर्धे काम झाले. मंजुरीसाठीचा अभ्यास बहुधा पावसाळा वगळून एकाच ऋतूतील मोजमापांवर उभा असतो. भूजलासारख्या ऋतुमानाने वरखाली होणाऱ्या गोष्टीसाठी हा आधार मला अपुरा वाटतो.

पाण्याच्या गुणवत्तेबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो : विहिरीचे पाणी तपासणीत चांगले निघाले, म्हणजे खाण निर्दोष. खाण चालू असताना भूजलाचा ओघ खाणीकडे असतो. त्यामुळे विहीर आटूनही तिच्यात उरलेले पाणी शुद्ध असू शकते. या काळात दूषित होण्याची शक्यता अधिक असते ती उपसलेले पाणी ज्या नाल्यात सोडले जाते त्याची आणि नाल्याकाठच्या विहिरींची. गोंडवाना कोळशात गंधक कमी असल्याने हे पाणी मेघालयातील कोळसा खाणींतल्यासारखे तीव्र आम्लधर्मी सहसा नसते, पण त्यात सल्फेट आणि कठीणपणा वाढलेला असू शकतो. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि पर्यायी स्रोत नसेल तरच 400 पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. खाण बंद होऊन उपसा थांबल्यावर पोकळ्या पाण्याने भरतात आणि पातळी पुन्हा चढते. त्या वेळी आतले पाणी विहिरींकडे वळू शकते. त्यामुळे सल्फेट, कठीणपणा, लोह आणि विरघळलेले क्षार यांची तपासणी आतापासूनच पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर करून घ्या आणि नाल्यात सोडलेल्या पाण्याचा नमुनाही त्याच दिवशी घ्या.